आजोबांशी भांडणारं नृत्य

ग्रेगरी माकोमा यांनी पन्नाशीत रंगमंचावर नाचणं थांबवलं, हे मला अजून पचलेलं नाही. सोवेटोचा हा नर्तक मंचावरून उतरला आणि आफ्रिकी नृत्यातलं एक दशक संपलं.

त्याआधीची वर्षं भरभर ओलांडतो. सेनेगलच्या डाकारमध्ये 1977 साली नृत्यरचनाकार मोरिस बेजार आणि राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांनी ‘मुद्रा आफ्रिक’ ही नृत्यशाळा काढली, 1982 मध्ये ती बंद पडली. पुढे महोत्सव भरत राहिले, अनुदानं मिळत राहिली. आपल्याकडचे जाणकारही तेव्हा ठामपणे सांगायचे, आफ्रिकी नृत्य म्हणजे ढोल आणि उड्या. त्यांच्याशी मी वाद घातला आणि तो आजही मागे घेणार नाही.

कारण मी म्हणतो त्या दशकात आफ्रिकेच्या काही नर्तकांनी थेट आपल्या घराण्याची दारं ठोठावली. ‘एक्झिट/एक्झिस्ट’मध्ये माकोमा सुटाबुटात सुरुवात करतात आणि नाचता नाचता आपल्याच पूर्वजाच्या, खोसा सरदार माकोमाच्या, अंगात शिरतात. ब्रिटिशांनी जमीन बळकावली, सरदार लढला आणि 1873 मध्ये रॉबेन बेटावर कैदेत मेला. बघणाऱ्याला तिथे अभिमान दिसतो, पण त्याहून जास्त दिसतो तो हिशेब.

सेनेगलच्या नर्तकी जर्मेन आकोन्यी यांचं 2015 मधलं एकल नृत्य मला याहूनही धारदार वाटतं. वडील फ्रेंच वसाहतीचे अधिकारी, ख्रिस्ती झालेले; आजी बेनिनमधली योरुबा पुजारीण. सत्तरी ओलांडलेली लेक वडिलांच्या लिखाणासमोर उभी राहते आणि त्यांना जाब विचारते. काँगोचे नर्तक फॉस्टँ लिन्येकुला यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आईच्या जमातीची, लेंगोलांची, लाकडी मूर्ती भेटली. त्यांनी आईचं गाव गाठलं आणि त्यातून 2017 मध्ये ‘बानाताबा’ हे नृत्य उभं राहिलं.

आता ‘मुळांचा शोध’ हे शब्द प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत असतात. एखादा मुखवटा, थोडी माती, पडद्यावर आजीचा फोटो. पूर्वजांशी भांडण मात्र कुठेच नाही, आणि भांडणाशिवाय हे नुसतं कौतुक आहे. या तिघांनी कागद वाचले, गावं गाठली, घरातलं नकोसंही बोलून दाखवलं. ती मेहनत मला नव्या कामांत दिसत नाही, याचं खरंच दुःख होतं.

म्हणून शेवटी पुन्हा आकोन्यींकडे वळतो. त्यांनी 1998 मध्ये सेनेगलच्या तुबाब दियालाव गावात ‘एकोल दे साब्ल’ ही शाळा काढली. 2021 मध्ये त्यांना व्हेनिसचा ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार मिळाला. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पुण्या-मुंबईच्या नृत्यमहोत्सवांनी त्यांच्या शाळेतल्या कलावंतांना बोलवावं, आणि लवकर बोलवावं.