गाडी मामांची, विमा कोणाचा?

बदलापूर हे नाव कसे पडले, ते गावातली जुनी माणसे सांगतात. पूर्वी लांबच्या वाटेने येणारे स्वार इथे थांबत. दमलेला घोडा सोडत, ताजा घोडा घेत आणि पुढे जात. घोडे बदलण्याचे गाव, म्हणून बदलापूर. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण एक गोष्ट खरी. घोडा बदलला तरी त्याचे खोगीर काढून दुसऱ्या घोड्यावर घालता येते. मोटारीच्या विम्याचे तसे नाही. पुष्कळांना वाटते की तसेच आहे, आणि तिथेच घोटाळा होतो.

समजा, बदलापूर गावात एक मामा राहतात. त्यांचा भाचा अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला आहे. भाच्याची स्वतःची मोटारसायकल आहे. तिचा विमा तो दर वर्षी वेळेवर भरतो. एका रविवारी तो लोकलने मामांकडे आला. दुपारी मामीचे औषध संपले. औषधाचे दुकान स्टेशनाजवळ.

भाचा म्हणाला, “मामा, तुमच्या स्कूटरची किल्ली द्या. आत्ता जाऊन येतो.”

मामा म्हणाले, “अरे, तिच्या विम्याचं काय झालंय ते मला नीट आठवत नाही.”

भाचा हसला. “त्याची काय काळजी? माझा विमा आहे ना! चांगला फुल विमा काढलाय मी.”

मामांनाही ते पटले. तुम्हाला पटले का?

नीट पाहा. भाच्याने विमा काढला तो स्वतःच्या मोटारसायकलचा. त्या कागदावर, म्हणजे पॉलिसीवर, गाडीचा नंबर लिहिलेला असतो. इंजिनाचा नंबर असतो. विमा कंपनीने पैसे घेतले ते त्या नंबराच्या गाडीसाठी. मामांच्या स्कूटरचा नंबर त्या कागदावर कुठेच नाही. भाचा स्कूटरवर बसला की त्याचा विमा घरी उभ्या असलेल्या मोटारसायकलपाशीच राहतो. आपल्याकडे विमा गाडीच्या नावाने चालतो, चालवणाऱ्याच्या नावाने नाही.

उलट, मामांच्या स्कूटरचा विमा चालू असेल तर भाच्याला भिण्याचे कारण नाही. मालकाच्या परवानगीने, लायसन असलेल्या माणसाने गाडी चालवली, तर तिऱ्हाईताच्या नुकसानीची जबाबदारी स्कूटरची कंपनी घेते. दुसऱ्याची गाडी मागून नेणे हा काही गुन्हा नव्हे. बघायचे ते एवढेच, की जी गाडी नेतो तिचा विमा चालू आहे ना.

तिऱ्हाईत म्हणजे कोण? तर मालकही नव्हे आणि कंपनीही नव्हे, असा रस्त्यावरचा तिसरा माणूस. यालाच लोक थर्ड पार्टी म्हणतात. त्याच्यासाठीचा विमा सक्तीचा आहे. मोटारीचा कायदा १९३९ साली झाला, आणि त्यातली विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. आज १९८८ चा कायदा लागू आहे. त्याचे १४६ वे कलम सांगते की तिऱ्हाईताच्या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. आणली तर पहिल्या खेपेला २००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दंड ४००० रुपये. ही शिक्षा चालवणाऱ्याला आहे, आणि चालवू देणाऱ्या मालकालाही आहे. म्हणजे भाचाही गुन्हेगार आणि मामाही.

दंडाचे पैसे माणूस कसेबसे भरेल. पण अपघात झाला तर?

देव करो आणि तसे न होवो, पण हिशेब तर करून पाहू. समजा, स्कूटरच्या धक्क्याने एक गवंडी दगावला. वय ३४. कमाई महिना १५,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. मोटार अपघाताच्या दाव्यात भरपाई कशी मोजायची, त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिली आहे. वर्षाची कमाई झाली १,८०,००० रुपये. माणूस तरुण होता, त्याची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात शेकडा ४० मिळवायचे. झाले २,५२,०००. त्यातला चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा. उरले १,८९,०००. त्याच्या वयाला १६ ने गुणायचे असा नियम आहे. गुणाकार करा. ३०,२४,००० रुपये होतात! अंत्यविधीचा खर्च, घरच्या माणसांनी त्याची सोबत गमावली त्याबद्दलची रक्कम आणि व्याज, हे सारे आणखी वेगळे.

आकडा मोठा वाटतो. पण त्या गवंड्याच्या मुलांच्या बाजूने पाहिले तर तो मोठा नाही. बापाची सारी कमाई गेली, तिचा हा हिशेब आहे.

स्कूटरचा विमा चालू असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. विमा नसेल तर न्यायाधिकरण ती भाच्याकडून आणि मामांकडून वसूल करायला सांगते. ते देत नाहीत असे दिसले तर जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जातो, आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी तशी वसुली होते. म्हणजे मामांचे भाताचे शेत आले, भाच्याने कर्ज काढून घेतलेले घरही आले. एवढे होऊनही गवंड्याच्या बायकोच्या हाती पैसे कधी पडतील, आणि किती, याचा भरवसा नाही. ज्याच्याकडे नाहीच, त्याच्याकडून काय निघणार?

आणि हे सारे वाचवायला किती लागले असते? १ जून २०२२ पासून सरकारने ठरवलेला दर पाहा. ७५ सीसीच्या वरच्या आणि १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला तिऱ्हाईताच्या विम्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये. कर वेगळा.

आता कोणी विचारील, “भाच्याकडे लायसन नसेल तर?” तर गोष्ट निराळी होते. विमा चालू आहे, पण लायसनसारखी अट मोडली, अशा वेळी कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दाखवला आहे. मालक बुडतो, पण वारसांना तरी मिळते. विमाच संपलेला असेल तर आधी देणारे कोणी उरत नाही.

आणखी एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मामांच्या स्कूटरला नुसता तिऱ्हाईताचाच विमा असेल, तर मागे बसलेल्या माणसाला त्याचा आधार नाही. न्यायालयाने २००६ साली तसे सांगितले आहे. मोठा, पॅकेज विमा असेल तर मागच्याची भरपाईही कंपनीवर येते. म्हणून मामीला मागे बसवण्याआधी पॉलिसीवर कोणता विमा लिहिला आहे तेही वाचावे. आणि चालवणारा भाचा? मागून नेलेली गाडी चालवणारा हा मालकाच्याच जागी असतो, असे २००९ चा निकाल म्हणतो. तो तिऱ्हाईत नव्हे. मालकाच्या नावे १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मालकाचा. भाच्याचे हाडबीड मोडले तर त्याने स्वतःसाठी वेगळा अपघात विमा काढलेला हवा. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर तो उपयोगी पडतो. तो मात्र माणसाबरोबर जातो, खोगिरासारखा!

गाडी बरोबर, विमाही चालू, पण काम भलतेच, असेही होते. माल वाहायचा टेंपो असतो. त्यात वऱ्हाड भरतात. टेंपो उलटला तर मागे बसलेल्या वऱ्हाडाचा भार विमा कंपनीवर येत नाही, हे २००२ सालीच ठरले आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून जत्रेला नेणारे आहेत, त्यांनीही हे ऐकावे. घरची मोटार भाड्याने फिरवली तरी कंपनी हात वर करते.

जुनी गाडी घेणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. पैसे दिले, किल्ली घेतली, म्हणून काम संपत नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. बदलापूरच्या गाड्यांना हे काम कल्याणच्या आरटीओकडे पडते. आरसी बुकावर ज्याचे नाव, तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, असे न्यायालयाने २०१८ साली सांगितले. तेव्हा विकणाऱ्याने ‘गेली पीडा’ म्हणून स्वस्थ बसू नये. घेणाऱ्याने विम्याच्या कागदावरही आपले नाव चढवून घ्यावे.

पगारी ड्रायव्हरला कायद्याने थोडी सवलत दिली आहे. गाडीला विमा नाही हे त्याला ठाऊक नसेल, आणि तसे वाटायला कारणही नसेल, तर विम्याच्या गुन्ह्यात तो धरला जात नाही. पण तरीही, शेटजींना एकदा विचारायला काय हरकत आहे? आपण टेंपोत बसणार, आपणच रस्त्यावर जाणार.

आता विमा चालू आहे की नाही हे कसे पाहायचे? पॉलिसीवर दोन तारखा असतात, सुरू होण्याची आणि संपण्याची. वेळही लिहिलेली असते. कागद सापडत नसेल तर मोबाईलवर एम-परिवहन नावाचे सरकारी ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर घातला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसते. वाचता येणाऱ्याला मिनिटाचे काम.

आपल्या भाच्याने तेच केले. नंबर घातला. विमा संपून महिना झाला होता.

मामा म्हणाले, “कंपनीचा मेसेज आला होता खरा. मला वाटलं, जाहिरात असेल.”

भाच्याने तिथेच बसून मामांच्या स्कूटरचा हप्ता भरला. नवी पॉलिसी मोबाईलवर आली. त्याने ती मोठ्याने वाचली. विमा मध्यरात्रीपासून सुरू होणार होता. मग किल्ली पुन्हा खुंटीवर गेली, आणि मामीचे औषध त्या दिवशी रिक्षाने आले.