अंगधार्य गतिसंवेदकांचे सदृशीकरण
अंगधार्य गतिसंवेदकांचे सदृशीकरण : मनगट, कंबर वा पाय यांवर बांधलेल्या गतिसंवेदकाने दिली असती अशी मापने, संवेदक प्रत्यक्ष न बांधता, संगणकाद्वारे गणिताने मिळविण्याची पद्धती. मापनांवरून माणसाची क्रिया ओळखण्यास संगणकाला शिकविताना असंख्य उदाहरणे लागतात व ती नोंदविणे खर्चिक असते. इटलीत ३० व्यक्तींच्या कमरेला भ्रमणध्वनी बांधून तयार केलेला, २०१३ मध्ये वर्णिलेला सुपरिचित मापनसंग्रह केवळ सहा क्रियांचा आहे : चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे व आडवे होणे. उकिडवे बसणे त्यात नाही.

सदृशीकरणात शरीराच्या प्रत्येक भागाचे स्थान व दिशा क्षणोक्षणी ठाऊक असावी लागते. स्थानाचे दोनदा अवकलन केले की प्रवेग मिळतो. त्यातून गुरुत्वीय प्रवेग सदिश पद्धतीने वजा करून उत्तर संवेदकाच्या अक्षांवर मांडतात. (म्हणूनच स्थिर प्रवेगमापक शून्य न दाखविता सु. ९·८ मी./से.२ दाखवितो.) दिशाबदलावरून घूर्णीचे मापन, म्हणजे कोनीय वेग, काढतात. दोनदा अवकलन करण्यात मोठा धोका आहे. स्थानाच्या नोंदीत १ मिमी. परमप्रसराची व सेकंदाला १० आवर्तनांची थरथर असेल, तर सु. ४ मी./से.२ इतका खोटा प्रवेग उद्‌भवतो. यामुळे नोंदी आधी गुळगुळीत करतात आणि शेवटी खऱ्या उपकरणातील दोष मुद्दाम मिसळतात.

एडिंबरो विद्यापीठातील ‘आयएमयूसिम’ (२०११) ही अशी आज्ञावली होय. अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी ‘आयएमयूट्यूब’ (२०२०) या पद्धतीत सर्वसाधारण चलत्‌चित्रांतून शरीराची त्रिमितीय हालचाल काढून मापने तयार केली.

हातकणंगले तालुक्यातील (जि. कोल्हापूर) ऊसतोडीचे उदाहरण घेतल्यास या पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात. वाकून बुडख्याशी तोडणे, पाचट सोलणे, वाडे छाटणे, मोळी डोक्यावर घेऊन चढविणे या हालचाली चित्रावरून बऱ्यापैकी मिळतील. परंतु सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या नोंदीत १५ आवर्तनांपलीकडचे कंपन उतरत नाही. कोयता उसावर बसताना मनगटाला मिळणारा क्षणिक धक्का, म्हणजे श्रमाची नेमकी खूण, त्यातून निसटतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर टेकलेल्या हातात शिरणाऱ्या कंपनाचेही तसेच. तेव्हा अशा कामांची थोडी प्रत्यक्ष मापने जोडणे अटळ ठरते आणि तीही कोयत्याच्या हातावरची हवीत. घड्याळ बहुधा ज्या डाव्या मनगटावर असते, तो हात फक्त ऊस धरतो.