कोल्हापुरात खोली घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

प्रवेशाचे दिवस आले की राजारामपुरी, राजेंद्रनगर, सायबर चौक, प्रतिभानगर भागात बाहेरगावची मुलं-मुली खोल्या शोधत फिरू लागतात. भाडं किती आणि डिपॉझिट किती, एवढंच बहुतेक जण विचारतात. बाकीचा व्यवहार ऐकीव माहितीवर होतो आणि तीच पुढे महागात पडते.

गैरसमज : विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणजे खोलीशिवाय पर्याय नाही.

वस्तुस्थिती : राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. त्या परंपरेतल्या काही संस्थांमध्ये आजही विद्यार्थी राहतात. तिथं चौकशी करा. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहासाठीही अर्ज करा. तिथं प्रवेश मिळाला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. पात्र ठरलेल्यांच्या बँक खात्यात राहण्याजेवणासाठी रक्कम जमा होते.

गैरसमज : अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज हाच. १९०८च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला, म्हणजे करार नोंदवला असं होत नाही.

गैरसमज : कागद नसला की मालक म्हणेल तेच खरं.

वस्तुस्थिती : याच कलमात उलट तरतूद आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे नोंदणी मालकाच्याही हिताची आहे. ‘गरज काय?’ म्हणणाऱ्या घरमालकांना हे शांतपणे सांगा. भाडं मात्र बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रोख दिलं तर पावती घ्या.

गैरसमज : नोंदणीला फार खर्च येतो.

वस्तुस्थिती : मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. समजा, भाडं सहा हजार, डिपॉझिट पंधरा हजार आणि मुदत अकरा महिने आहे. मुद्रांक दोनशे रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये. एजंटाचा मेहनताना वेगळा. नोंदणी ऑनलाइनही होते. तिघं-चौघं पार्टनर असाल तर माणशी खर्च किरकोळ आहे.

गैरसमज : डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाणारच.

वस्तुस्थिती : करारात तशी अट असेल तरच. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, कशासाठी कापलं जाईल, लाइट बिल सबमीटरवर की ठरावीक, पाणी नळाचं की बोअरचं, एक पार्टनर मध्येच गेला तर त्याचा वाटा कोणी भरायचा, हे लिहून घ्या. सामान आत नेण्यापूर्वी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. मुदत संपल्यावर खोली न सोडल्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

गैरसमज : नदीपासून लांब खोली घेतली, म्हणजे पुराची भीती नाही.

वस्तुस्थिती : पूर फक्त नदीकाठानं येत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरतं. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट आहे. तेव्हा व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात होता. विद्यापीठ सागरमाळच्या उंचावर आहे, पण तुमची खोली सखल भागात असू शकते. खोली पाहताना शेजाऱ्यांना एकच विचारा : एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?

पालकांनो, मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मेससाठी पैसे बाजूला ठेवता, तसे नोंदणीचेही ठेवा. आणि विद्यार्थीमित्रांनो, करार पूर्ण वाचून समजल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.