हातकुट्टी यंत्राची पाती बदलणे

हातकुट्टी म्हणजे हाताने चालवायचे कडबा कुट्टी यंत्र. ज्वारी-बाजरीचा कडबा, मका, उसाचे वाढे व हिरवा चारा यांचे बारीक तुकडे करण्यासाठी ते वापरतात. त्याची फिरती पाती, तोंडाची स्थिर पट्टी आणि चारा ओढणारे रूळ हे भाग वापराने झिजतात.

रचना

यंत्राच्या जड चाकावर सामान्यतः २ वक्र पाती नटबोल्टने बसवलेली असतात. चाकाची मूठ फिरवल्यावर दंतचक्रांमुळे दोन रूळ फिरतात व पन्हळीतील चारा पुढे सरकवतात. तोंडाच्या कडेला पोलादी पट्टी असते. फिरते पाते तिला जवळजवळ चाटून जाते आणि चारा कात्रीप्रमाणे कापला जातो. त्यामुळे धारेइतकेच पाते व पट्टी यांमधील अंतर महत्त्वाचे असते.

झिजेची लक्षणे

मूठ जड जाणे, चारा वाकून फटीत अडकणे व तुकड्यांची टोके चेंगरणे ही मुख्य लक्षणे होत. बोथट पात्याला उतरत्या बाजूनेच धार लावतात. सपाट बाजू घासल्यास फट वाढते. तडा गेलेले, खोल खाच पडलेले किंवा धार लावून अरुंद झालेले पाते मात्र बदलावे लागते. चारा घसरत असल्यास रुळांचे दाते झिजलेले असतात; केवळ पाती बदलून तो दोष जात नाही.

बदलण्याची पद्धत

प्रथम चाक खिळीने किंवा दोरीने पक्के अडकवतात व धारेवर जाड कापड गुंडाळून बोल्ट काढतात. चाकाचा तोल राहावा म्हणून दोन्ही पाती एकाच वेळी बदलतात. नव्या पात्याची सपाट बाजू तोंडाकडे ठेवून बोल्ट अर्धवट आवळतात. मग चाक सोडून सावकाश फिरवतात व जुळणीच्या स्क्रूंनी पात्याच्या संपूर्ण लांबीत फट सारखी करतात. पाते पट्टीवर आदळता कामा नये. फटीत धरलेला कागद स्वच्छ कापला गेला की चाक पुन्हा अडकवून बोल्ट पूर्ण आवळतात. थोड्या वापरानंतर ते पुन्हा तपासणे आवश्यक असते.

सुरक्षितता

मूठ सोडल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते. या यंत्राशी खेळताना लहान मुलांची बोटे तुटण्याचे अपघात घडतात. म्हणून काम नसताना चाक अडकवून पाती झाकून ठेवावीत.