देवालाही न पेलणारा धोंडा

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची एक आख्यायिका आहे. देहूला तुकोबांचं कीर्तन रंगात आलेलं असताना मंडपाने पेट घेतला. इकडे श्रीगोंद्यात बसल्या जागी बाबांनी हातावर हात चोळले आणि तिकडे आग विझली. मधे घोड आणि भीमा अशा दोन नद्या! भाविक याला चमत्कार म्हणेल, विवेकवादी भाकडकथा. तर्कशास्त्र्याला मात्र दोघांच्या भांडणात पडायचं कारण नाही. आग होती, मग नव्हती. घटना अशक्यप्राय असेल, पण तिच्यात विसंगती नाही. तोच मंडप त्याच क्षणी पेटलेलाही होता आणि पेटलेला नव्हताही, असं कुणी सांगितलं, तर मात्र नेमकं घडलं काय हेच कळणार नाही.

सर्वशक्तिमान देवाबद्दलचा सगळा वाद या फरकापाशी सुरू होतो. शेख महंमद सतराव्या शतकातले. सूफींच्या कादरी परंपरेतले आणि वारकऱ्यांनाही आपले वाटणारे. ‘योगसंग्राम’ त्यांनी मराठीत रचला. त्यांच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकाच्या शेवटी, इमाम गझाली यांनी तत्त्वज्ञांच्या खंडनासाठी एक ग्रंथ लिहिला. अग्नीने कापूस जळलाच पाहिजे असं बंधन देवावर नाही, हे त्यांनी त्यात हिरिरीने मांडलं. पण एकच गोष्ट आहे म्हणायची आणि नाहीही म्हणायची, हे कुणाच्याच सामर्थ्याच्या कक्षेत येत नाही, हेही त्यांनी तिथेच मान्य केलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्ती बाजूने जवळपास हेच सांगितलं.

आता तो प्रसिद्ध धोंडा. देवाला स्वतःलाच उचलता येणार नाही असा धोंडा घडवता येईल का? येईल म्हटलं तर उचलण्यात तो उणा, येणार नाही म्हटलं तर घडवण्यात. पेच बिनतोड वाटतो. 1963 मध्ये जॉर्ज मॅव्ह्रोडीस या अमेरिकी तत्त्वज्ञाने उत्तर दिलं, की सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा धोंडा ही वस्तूच होऊ शकत नाही. तेव्हा ती घडवता न येणं ही उणीव नव्हे.

हे उत्तर पळवाटेसारखं वाटतं खरं. म्हणून जरा हिशेब करून पाहू. एक पाथरवट शंभर किलोपर्यंतचा धोंडा घडवतो, पण उचलतो पन्नासच किलो. त्याला न पेलणारा धोंडा तो सहज घडवेल. त्यात मोठेपणा कसला? उचलायची ताकद घडवण्याच्या ताकदीपेक्षा कमी, एवढंच. दोन्ही ताकदींना सीमाच नसेल तर तो कितीही वजनाचा धोंडा घडवेल आणि प्रत्येक उचलेल. यात कमी कुठे पडली? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तसारखा एखादा आणखी पुढे जाऊन म्हणेल, की देवाला विसंगतीही शक्य आहे. ठीक, मग तो न उचलता येणारा धोंडा घडवून वर उचलूनही दाखवेल! तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1964 मध्ये हे नेमकं दाखवलं. माझ्या मते धोंड्याचा निकाल इथेच लागतो.

निकाल लागत नाही तो नियमाचा. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी 1955 मध्येच विचारलं होतं: सर्वशक्तिमानाला स्वतःवर बंधनकारक ठरणारा नियम करता येईल का? आपल्याकडे कर्माच्या नियमाच्या रूपाने हा प्रश्न फार जुना. जगात कुणी सुखी, कुणी दुःखी. मग ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याला उत्तर आहे, की ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, पण भात उगवतो की जव हे बियाण्यावर ठरतं.

दाखला सुरेख, पण किंमत मोजावी लागतेच. न्यायी देव वाचला, तर त्याची मोकळीक कर्माने आवळली. मग पहिलं कर्म कुठून आलं? संसाराला आरंभच नाही, असं पुढचं सूत्र सांगतं. मला त्यात प्रश्न सुटण्यापेक्षा मागे ढकलला गेल्यासारखा वाटतो.

वारकरी कथा या पेचाला वेगळ्या बाजूने भिडते. पुंडलिकाने वीट फेकली, थांब म्हणाला, आणि देव थांबला. त्याला विटेवरून उतरता येत नाही की उतरायचं नाही? मॅकींचा पेच पहिल्या अर्थावर उभा आहे, वारकऱ्याचा विठोबा दुसऱ्यावर.