निर्वासित आणि काम करण्याची मोकळीक

मुरबाडचा शेतकरी कल्याणास निघाला म्हणजे म्हारळ मागें पडतांच त्यास उल्हासनगरची दाट वस्ती लागते. शहापूर तालुक्यांतील माणूस आसनगांव अगर वासिंद येथें गाडींत बसला, तर शहाड स्टेशनापाशीं तोहि त्याच वस्तीच्या कडेनें जातो. लग्नाचा बस्ता, मुलांचे कपडे, घरांतील कपाट किंवा खुर्च्या यांसाठीं या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें तेथील दुकानें पालथीं घालतात. हें सर्व नित्याच्या पाहण्यांतलें असल्यामुळें एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. या नगराची पहिली पिढी येथें निर्वासित म्हणून आली. परंतु ‘आम्हांस काम करूं द्या’ अशी परवानगी तिला कोणापाशीं मागावी लागली नाहीं. आज त्याच नगरांत अशींहि कुटुंबें आहेत कीं, ज्यांना दुकानांत नोकरीस लागण्यापूर्वीं हातांत एक सरकारी कागद असावा लागतो. एकाच मुलखांतून आलेल्या या दोन पिढ्यांत हा फरक कां पडला, हें समजून घेण्यासारखें आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणाजवळ लष्करासाठीं बराकी बांधलेल्या होत्या. युद्ध संपलें, लष्कर गेलें, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या हिंदु कुटुंबांस त्याच बराकींत जागा देण्यांत आली. त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसविण्यांत आली व उल्हास नदीवरून त्याचें नांव पडलें. जुनीं माणसें अजूनहि त्याला ‘कॅम्प’च म्हणतात, आणि पत्त्यावर कॅम्पचा नंबर घालण्याची चाल अद्याप मोडलेली नाहीं.

छप्पर मिळालें तरी चूल पेटावयास पैसा लागतो. घरीं बायकांनीं पापड लाटावे, पुरुषांनीं व पोरांनीं ते, मिठाई अगर कापड घेऊन आगगाडीच्या डब्यांतून विकावें, असा पुष्कळांचा प्रारंभ झाला. सरकारनेंहि हात दिला. निर्वासितांस धंद्यासाठीं कर्ज देण्याकरितां १९४८ सालीं केंद्र सरकारनें कायदा करून एक स्वतंत्र संस्थाच उभारली. नोकरी शोधणारांसाठीं रोजगार विनिमय केंद्रें होतीं. हीं केंद्रें मुळांत १९४५ मध्यें लष्करांतून मोकळ्या झालेल्या शिपायांसाठीं निघालीं. फाळणीनंतर तीं निर्वासितांस खुलीं झालीं, आणि १९४८ मध्यें सर्वांनाच. मॅट्रिक होतांच ज्या केंद्रांत नांव नोंदवावयास खेड्यांतील मुलांच्या पिढ्यान् पिढ्या धांवल्या, त्यांचा दरवाजा असा शिपायांमागून निर्वासितांनीं उघडलेला आहे.

परंतु कर्ज आणि नोंदणी यांहून मोठी गोष्ट राज्यघटनेनें केली. घटनेच्या सहाव्या कलमाप्रमाणें, जो मनुष्य १९ जुलै १९४८ पूर्वीं पाकिस्तानांतून आला, येथेंच राहूं लागला, आणि जो स्वतः अगर ज्याच्या आईबापांपैकीं वा आजाआजींपैकीं कोणी अखंड हिंदुस्थानांत जन्मलेलें होतें, तो भारताचा नागरिक ठरला. त्या तारखेनंतर आलेल्यास सहा महिने वास्तव्य करून अधिकाऱ्याकडे अर्ज व नोंद करावी लागे. नागरिकत्वाचीं हीं कलमें २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अंमलांत आलीं. उरलेल्या घटनेसाठीं त्यांस थांबावें लागलें नाहीं. निर्वासित एकदां नागरिक झाला कीं त्याच्या कामाचा प्रश्नच उरत नाहीं.

येथें घटनेंतील दोन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत. कायद्यापुढें समानता आणि जीविताचें रक्षण हे हक्क घटनेनें ‘व्यक्ती’ला दिले आहेत, ते परदेशी माणसासहि आहेत. कोणताहि धंदा वा व्यवसाय करण्याचा हक्क, आणि सरकारी नोकरींत समान संधि, हे मात्र ‘नागरिका’चे आहेत. म्हणून जीव वांचविण्यासाठीं आलेल्या परक्या मनुष्याच्या जिवास कायद्याचें संरक्षण आहे, पण त्याच्या पोटाच्या उद्योगास सरकारची संमति लागते.

ही संमति कशी मिळते? निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें सही केलेली नाहीं, आणि देशांत निर्वासितांसाठीं वेगळा कायदाहि नाहीं. त्यामुळें असा मनुष्य परदेशी लोकांच्या सर्वसाधारण कायद्याखालींच येतो. हा कायदा पूर्वीं १९४६ चा होता. त्याच्या जागीं १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला आहे. या चौकटींत कामाचा मुख्य मार्ग म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांस तो मिळूं शकतो. दुसऱ्या देशांतून छळामुळें आलेल्या माणसांसाठीं २०११ च्या अखेरीस केंद्रीय गृहखात्यानें एक कार्यपद्धति ठरविली. अर्जदाराची हकीकत प्रथमदर्शनीं खरी वाटली व सुरक्षेची चौकशी निर्वेध झाली, तर त्यास एकेक वर्षाचा असा व्हिसा पांच वर्षांपर्यंत देतां येतो. आणि तो असेल तर खाजगी नोकरी करण्यास व शिक्षण घेण्यास मोकळीक राहते. सरकारी नोकरी त्यांत येत नाहीं.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांस ‘दाखला’ हा शब्द नवा नाहीं. भातसा व बारवी या धरणांपायीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरीं प्रकल्पग्रस्ताचा दाखला जपून ठेवलेला असतो. पण तो नागरिकाचा दाखला. तो नोकरींत अग्रक्रम मागतो. निर्वासिताचा कागद अग्रक्रम मागत नाहीं. ‘या माणसानें काम केलें तर तो गुन्हा होत नाहीं,’ एवढेंच तो सांगतो, आणि मुदत संपली कीं तेवढेंहि सांगत नाहीं.

पाकिस्तानांतून आलेल्या अल्पसंख्याकांस २०१६ सालीं आणखी कांहीं सवलती मिळाल्या: बँकेंत खातें, पॅन व आधार, वाहन चालविण्याचा परवाना, स्वतःचा धंदा व त्यासाठीं जागा घेणें. त्यांतील एक सवलत दिसावयास लहान, पण मोलाची आहे. राहत्या राज्यांत कोठेंहि फिरण्याची मुभा त्यांस मिळाली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत काम लागलें तर उल्हासनगरच्या मनुष्यास तेथें रोज जातां येतें. रोजगार हा नेहमीं घराच्या दारांत मिळत नसतो, ही गोष्ट नियम करणारांच्या लक्षांत आली हें बरें झालें. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा सरकारनें रद्द केले, तेव्हां हिंदूंस आधीं दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम ठेवण्यांत आले. त्या आठवड्यांत अनेक घरांचा रोजगार त्या एका कागदावर टांगलेला होता.

तिबेटी लोकांची रीत निराळी आहे. गोंदिया जिल्ह्यांत त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. त्यांस नोंदणीपत्र मिळतें व तें वेळोवेळीं नवें करून घ्यावें लागतें. थंडींत गांवोगांवीं लोंकरी कपडे विकणारा तिबेटी याच पत्राच्या आधारें वावरतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिल्ली येथील निर्वासित कचेरीनें दिलेलें ओळखपत्र ही तिसरीच गोष्ट. त्यानें ओळख पटते. काम करण्याचा परवाना त्यांत नसतो. पुष्कळ मालकांचा व खुद्द निर्वासितांचाहि येथेंच घोटाळा होतो.

म्हणून कारखानदारानें, वीटभट्टीवाल्यानें अगर दुकानदारानें माणसाचें बोलणें व पेहराव पाहून त्यास हांकलून देऊं नये, किंवा कागद नाहीं म्हणून निम्म्या मजुरीवर राबवूंहि नये. व्हिसा कोणता आहे, त्याची मुदत कधीं संपते आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद झाली आहे कीं नाहीं, या तीन गोष्टी पाहाव्या. मुंबईसारख्या ठिकाणीं या कामाची वेगळी कचेरी असते. इतरत्र तें सामान्यतः जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे असतें.

या सर्व कागदांतून सुटण्याचा रस्ता म्हणजे नागरिकत्व. २०१६ च्या अखेरीस ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांस तें देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत ठाणें होतें. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, वर सांगितलेल्या तीन देशांतील त्या सहा समाजांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतांत आले, त्यांच्यासाठीं नैसर्गिकीकरणाची वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पांच वर्षांवर आली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्यें निघाले. अर्ज संगणकावरून करावयाचा, आणि जिल्ह्यांतील त्याच्या तपासणीचें काम टपाल खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या समितीकडे आहे. मूळ कागदपत्रें घेऊन अर्जदारास तिच्यापुढें जातीनें हजर राहावें लागतें व तेथेंच निष्ठेची शपथ घ्यावी लागते.