पंधराचा वर्ग

1896 साल. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं प्रार्थना-शिबिर भरलं होतं. पंडिता रमाबाई पुण्यात विधवा आणि मुलींसाठी चालवलेल्या आपल्या शारदा सदनातल्या पंधरा मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या. या पंधराजणींनी येशूवरचा विश्वास मनापासून पत्करला होता. त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानताना रमाबाईंनी एक विलक्षण मागणं मागितलं. पुढच्या शिबिराच्या आत या संख्येचा वर्ग व्हावा. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे 225!

तेव्हा सदनात पन्नासेक मुली होत्या, आणखी फार थोड्या मावल्या असत्या. पैशाची बाजू तर त्याहून नाजूक. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत करण्याची हमी दिली होती, तिची मुदत सरत आली होती. पुण्यातला आधार तर आधीच तुटला होता. रमाबाईंच्या प्रार्थनेला सदनातल्या मुली येऊन बसतात यावरून 1893 साली गदारोळ उठला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालक मुलींना काढून घेऊन गेले. प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावून घेतलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण कुणावर सक्ती करायची नाही आणि आपला विश्वास लपवायचाही नाही, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही. त्यासाठी उभी संस्था पणाला लागली तरी चालेल, इतकी त्यांची तयारी होती.

हा विश्वास त्यांना वारशाने मिळालेला नव्हता. 1858 साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी जन्मलेल्या या मुलीचं बालपण तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत गेलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण अशी तिघं अन्नावाचून खंगून गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी गेले. इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडंच आधी सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथेच आत्महत्या केली होती. इतकं सोसून घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई प्रश्न विचारतच राहिल्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण खुद्द ख्रिस्त गवसायला पुढे आणखी वर्षं जावी लागली, अशी साक्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

लोणावळ्याहून परतल्यावर काही महिन्यांतच मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. हातात पैसा नसताना त्या निघाल्या. तिथल्या अनाथालयांत आणि मदत छावण्यांत त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या, अंगावर फोड, डोळ्यांत भीती. अशा मुलींना फसवून नेणारे दलालही तिथे टपलेले होतेच. रमाबाईंनी सुमारे 300 मुली आणि स्त्रिया सोडवून आणल्या. मागितलेल्या 225 पेक्षा जास्तच!

पण त्यांना ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेगची साथ, शहरात इतक्या जणींना ठेवायला बंदी. तेव्हा कामी आली ती केडगावची जमीन. अमेरिकेची मदत थांबल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, या विचाराने सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचं हे रान रमाबाईंनी आधीच घेऊन ठेवलं होतं. विहिरी खोदल्या होत्या, झाडं लावली होती. फळं धरायच्या आत माणसं आली. तात्पुरते मांडव आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तिथेच ‘मुक्ती’ या आश्रमाची सुरुवात झाली. रमाबाईंच्या श्रद्धेला आंधळी म्हणणाऱ्यांनी या विहिरींकडे जरूर पाहावं. ब्रिस्टलमध्ये लोकांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं आणि तो मार्ग त्यांना मनोमन पटला होता. तरी त्यांच्या प्रार्थनेला हिशेबाच्या वह्यांची आणि कुदळ-फावड्याची जोड कायम राहिली.

सगळंच मनासारखं झालं असं मात्र नाही. सोडवून आणलेल्यांपैकी कित्येकींच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. उपचार झाले, प्रार्थना झाल्या, तरी काही जणी दगावल्या. 1897 साली प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची आबाळ होते, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीरपणे मांडलं आणि सरकारचा रोषही ओढवून घेतला. एकीकडे सनातनी नाराज, दुसरीकडे राज्यकर्ते. तरीही 1900 च्या दुष्काळात गुजरातकडून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभतं, छपाई, ज्याला हात लावावा ते काम तिथल्या बायकाच करत. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवण्याचं काम लेक मनोरमा हिने उचललं.

खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असं मराठी पवित्र शास्त्र हवं, हा रमाबाईंचा शेवटचा मोठा ध्यास. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मजकूर त्यांच्या हातचा. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या मुलींनी केलं. हे काम पुरं होईल का, आपण तेवढं जगू का, याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. ऐकूही फारसं येईना अशी अवस्था झाली. ज्या मनोरमेच्या हाती संस्था सोपवायची ती जुलै 1921 मध्ये गेली. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी मुद्रितं तपासणं सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला, आणि केडगावला मुक्ती मिशनचं काम आजही सुरू आहे.